सात बायकांचा सिनेमा आणि एक फिरता मजकूर

बायकांच्या इंग्लंडच्या सहलीवरच्या ‘झिम्मा 2’ (2023) या चित्रपटावरून एक मजकूर कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर अजून अधूनमधून फिरतो. त्याचा आशय असा, की सात बायका आणि एक पुरुष ही मांडणी समावेशकतेच्या परदेशी खुळातून आली आहे, तिच्यात विविधतेचा अतिरेक होतो, असे सिनेमे प्रेक्षकांना नको असतात आणि प्रतिनिधित्व सांभाळताना विनोद मरतो.

परदेशी खुळाचा आक्षेप निदान कोल्हापूरकरांनी तरी घेऊ नये. पडद्यावरच्या स्त्रियाही बहुधा पुरुषच रंगवत, त्या काळात कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ या मूकपटात (1920) स्त्रियांना उभे केले. पुढे 1938 साली इथल्याच हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’त ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या तरुणाची जी त्रेधा उडते, ती मीनाक्षी शिरोडकरांनी रंगवलेल्या नायिकेमुळे, पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरलेल्या त्या नायिकेवाचून त्या सिनेमातला विनोद उभाच राहत नाही.

प्रेक्षकांचे म्हणाल तर पहिला भाग चालला म्हणूनच दुसरा निघतो. आणि ‘झिम्मा’ चालला तो 2021 च्या नोव्हेंबरात, थिएटरे निम्म्या क्षमतेने सुरू असताना. सहा बहिणींचा ‘बाईपण भारी देवा’ तर मराठीतल्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत मोडतो. मजकुरात बायकांचा दुसरा भाग पडल्याचा दाखला म्हणून 2016 चा ‘घोस्टबस्टर्स’ हा हॉलीवूडपट दिला आहे, पण तो मुळात दुसरा भागच नव्हता, जुन्याच कल्पनेची नवी मांडणी होती. त्याची जगभरची तिकीटविक्री सुमारे 23 कोटी डॉलर झाली. निर्मितीलाच 14 कोटींहून अधिक लागल्यावर, थिएटरांचा वाटा आणि जाहिरात वजा जाता, हिशेब बसला नाही. बायका होत्या म्हणून कोणी गेले नाही, हा निष्कर्ष त्यातून ओढूनताणूनच काढावा लागतो.

विनोद मरतो, या आरोपाला मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे. ‘अशी ही बनवाबनवी’त (1988) चार पुरुष मध्यवर्ती आहेत, पण तिथे कोणी पुरुषांची मोजदाद करीत बसले नाही, मोजणी सुरू होते ती बायका जास्त दिसल्या की! त्या सिनेमात सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडीत वावरतात तेव्हा हसू येते ते सोंग निभावताना उडणाऱ्या तारांबळीचे, म्हणजे लेखनाचे आणि अभिनयाचे. ‘झिम्मा’त निर्मिती सावंतांची निर्मला हसवते तीही स्वभावामुळे, आणि तिच्या जागी एखादा बावरलेला काका घातला असता तरी प्रसंग कसा लिहिला आहे यावरच सगळे अवलंबून राहिले असते. दुसरा भाग काही ठिकाणी सैल वाटतो हे मला मान्य आहे. पण बरीचशी तीच मंडळी आणि पुन्हा इंग्लंडचीच सहल म्हटल्यावर नवलाई ओसरणारच, आणि ही अडचण पुरुषांच्या टोळीलाही चुकलेली नाही.

उरला विविधतेचा अतिरेक. त्या सहलीतल्या बायकांची वये, स्वभाव आणि बोलण्याचे ढंग वेगळे आहेत खरे, पण त्या बहुतेक सुखवस्तू घरांतल्याच आहेत. तेव्हा तक्रार करायचीच असेल तर ती विविधता कमी पडल्याची करावी लागेल.