हिरवागार बार

इंग्लंडात तुमच्या मालकीची चारपाचशे एकर जमीन आहे, असं मी धरून चालतो. नसेल तर लेख वाचायला हरकत नाही, सल्ला तेवढा अमलात आणू नका. जमीन आहे म्हणजे रान आलं, रान आलं म्हणजे हिवाळ्यात आठनऊ स्नेही दुनळी बंदुका घेऊन येणार, आणि आले की त्यांना मारायला फेझंट लागणार. इथपर्यंत सगळं आजोबांच्या काळापासून सुरळीत चाललंय. नवी पीडा एकच: हल्ली बंदुकीबरोबर विवेकही खांद्याला लटकवावा लागतो. तो शक्य तितका हलका कसा ठेवावा, एवढंच मी सांगणार आहे.

सुरुवात पक्ष्यापासून. फेझंट हा कोंबडीच्या कुळातला, लांब शेपटीचा रानपक्षी, मूळचा आशियातला. त्याची अंडी आणि पिल्लं मोठ्या संख्येने फ्रान्सहून ट्रकने येतात. 2022 साली तिकडे बर्ड फ्लू पसरला, पुरवठा तुटला आणि इंग्लंडातल्या कित्येक इस्टेटींवर शिकारीचे दिवस रद्द झाले. निसर्गावर संकट येतं म्हणतात ते असं. तर ही पिल्लं उन्हाळ्यात मोठ्या पिंजऱ्यात ठेवायची, दाणा घालायचा, कोल्ह्या-कावळ्यांचा बंदोबस्त करायचा. पिंजऱ्यात आहे तोवर पक्षी तुमची मालमत्ता. दार उघडलं की तो ‘वन्य’. मग तो शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरो, रस्त्यावर मोटारीखाली येवो, रानातले किडे-सरडे टिपो, तुमचा काय संबंध? निसर्ग आहे तो! देवाघरची मालकी इतक्या झटपट बदलून देणारं दुसरं फाटक जगात नसेल.

ब्रिटनमध्ये असे कोट्यवधी पक्षी दरवर्षी सोडले जातात. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा आढळलं की ऑगस्टमध्ये देशातल्या सगळ्या रानपक्ष्यांचं वजन केलं, तर जवळजवळ निम्मा भार या सोडलेल्या फेझंट आणि तांबड्या पायाच्या तित्तिरांचा भरतो. कुणी जैवविविधतेचं विचारलं तर हाच आकडा पुढे करा. पक्षी कमी होताहेत म्हणून लोक रडतात, तुम्ही तर वजनाने वाढवलेत.

2021 पासून इंग्लंडात काही संरक्षित क्षेत्रांत आणि त्यांच्याभोवतीच्या 500 मीटरांच्या पट्ट्यात हे पक्षी सोडायला परवान्याच्या अटी लागू झाल्या. घाबरू नका. पिंजरा 501व्या मीटरवर बांधा. फेझंटला पाय आहेत, पंखही आहेत. पुढचा मीटर तो आपल्या जबाबदारीवर ओलांडेल.

आता छर्रे. इथे जरा बसून बोलू, कारण खरी कला इथेच आहे.

बारा बोअर या नेहमीच्या मापाच्या बंदुकीच्या एका काडतुसात शिशाचे तीनशेच्या आसपास छर्रे, म्हणजे बारीक गोळ्या, असतात. पक्ष्याला लागतात ते मोजके. उरलेले कुठे जातात हे विचारायची पद्धत नाही. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याच्या अंदाजाने शिकार आणि नेमबाजीतून वर्षाला सुमारे 7,000 टन शिसं जमिनीवर पडतं. पक्ष्यांना दात नाहीत, म्हणून ते बारीक खडे गिळतात आणि पोटातल्या पेषणीत त्यांनी दाणा दळतात. शिशाचा छर्रा खड्यासारखाच दिसतो. तो पोटात झिजतो, रक्तात उतरतो, पंख लोंबू लागतात. दर हिवाळ्यात 50,000 ते 1,00,000 पाणपक्षी असे मरतात, असा तिथल्या पाणपक्षीप्रेमी संस्थेचा अंदाज आहे. यातला एकही तुमच्या नेमाने पडलेला नाही, म्हणून दिवसाच्या शिकारीत धरू नका. संध्याकाळच्या भाषणात आकडा उगाच फुगेल.

यावर रामबाण उपाय म्हणजे स्वेच्छा. कायद्याने काही बंद केलं की पाळावं लागतं. स्वेच्छेने बंद केलं की जाहीर केलं तरी पुरतं. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटनमधल्या शिकार आणि ग्रामीण हिताच्या नऊ संस्थांनी असंच जाहीर केलं: पाच वर्षांत आम्ही आपणहून शिशाचे छर्रे वापरणं सोडू, पोलादी वगैरे वापरू. टाळ्या झाल्या. मग केंब्रिजच्या शास्त्रज्ञांच्या गटाने, दुसरं काम नसल्यासारखं, दुकानांतून फेझंट विकत घेऊन चिरायला सुरुवात केली. पहिल्या हंगामात ज्या 180 पक्ष्यांत छर्रे सापडले, त्यांतल्या 179 मध्ये शिसं होतं. पाचव्या हंगामात प्रमाण निघालं 99 टक्के. पाच वर्षांत निर्धार तसूभरही ढळला नाही! मला कुतूहल आहे ते त्या पहिल्या हंगामातल्या एकशेऐंशीव्या पक्ष्याचं. त्याच्यावर पोलादी छर्रा झाडणारा कोण तो भला माणूस? बहुधा चुकून दुसरं खोकं उघडलं असावं बिचाऱ्याने.

अखेर जुलै 2025 मध्ये सरकारने शिशाच्या छर्र्यांवर बंदी जाहीर केली, ती 2029 पासून. म्हणजे कपाटातला साठा संपवायला भरपूर हंगाम आहेत, आणि जुनी काडतुसं वाया घालवणं हाही पर्यावरणाचा अपमानच. डेन्मार्कमध्ये 1996 पासून शिशाच्या छर्र्यांना बंदी आहे आणि डॅनिश लोक अजून मजेत शिकार करतात, ही माहिती जेवणाच्या टेबलावर काढू नका. पाहुण्यांचं अन्न गोड लागत नाही.

पोलाद वापरायचंच झालं तर तक्रारींची यादी तयार ठेवा. ते शिशापेक्षा हलकं, म्हणून दोन नंबर जाड छर्रा लागतो. नळी घासू नये म्हणून छर्र्यांभोवती प्लास्टिकची वाटी असते, ती प्रत्येक बार उडाला की शेतात जाऊन पडते. आजोबांच्या बंदुकीला तर ते सोसतच नाही. या तक्रारींत तथ्य आहे, हे त्यांचं सौंदर्य. कागदी-तंतूंच्या किंवा पाण्यात विरघळणाऱ्या वाट्या आता मिळतात, हे मात्र पाहुण्यांना विक्रेत्याकडूनच कळू द्या.

जीव घ्यायचा नसेल तर ‘मातीची कबुतरं’, म्हणजे नेमबाजीसाठी हवेत फेकायच्या चकत्या, उडवा. त्यांत माती नसते. चुनखडी आणि डांबराच्या जातीचा पदार्थ असतो. रानात पडलेले तुकडे गोळा करायला गावातली पोरं लावा आणि त्याला पर्यावरण-शिक्षण म्हणा.

पूर्वी हा सगळा व्याप नव्हता. 18 डिसेंबर 1913 रोजी इंग्लंडातल्या हॉल बार्न या इस्टेटीवर पंचम जॉर्जच्या मंडळींनी एका दिवसात 3,937 फेझंट पाडले. घरी जाताना राजालाच वाटलं म्हणे, आज जरा जास्तच झालं. आपल्याकडे भरतपूरला नोव्हेंबर 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत 4,273 पक्षी पडले. तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. पुढे तिथे बंदुका थांबल्या, राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1985 मध्ये ते जागतिक वारसायादीत गेलं. परिणाम चांगला आला हे मान्य, पण उपाय फारच टोकाचा. मी काही त्याची शिफारस करणार नाही.

हिशेबाचं एक जुनं इंग्रजी वचन शिकारी अजून सांगतात: उडाली ती गिनी, वाजली ती दीड पेनी, पडला तो अर्धा क्राउन. म्हणजे पक्षी वाढवायला एक गिनी, काडतुसाला दीड पेनी, आणि मेलेला पक्षी विकून हाती येणार तो अर्धा क्राउन, गिनीपुढे चिल्लर. आज पाहुणा पक्ष्यामागे चाळीस-पन्नास पौंड मोजतो, आणि मेलेल्या पक्ष्याचा एक पौंड द्यायलाही व्यापारी खळखळ करतो. म्हणून मांस ‘नैसर्गिक, मुक्त विहार केलेलं’ म्हणून खपवा. शिशाने मारलेली शिकार गरोदर बायका आणि लहान मुलांनी फार खाऊ नये, असं तिथल्या अन्न खात्याने 2012 मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा त्यांना पुडिंगच्या बाजूला बसवा.

आणि जेवताना प्रत्येक ताटाशेजारी एक छोटी चांदीची वाटी ठेवा. घास चावता चावता कुणाच्या तरी दाताखाली टक्‌ असं वाजेल, सगळे हसतील, तो माणूस जिभेने छर्रा पुढे आणून वाटीत टाकेल. एका पक्ष्यात असे तीन निघाले समजा. बाकीचे दोनशे सत्त्याण्णव शेतात आहेत, त्यांचं राहू द्या. हे तीन मात्र साध्या कचऱ्यात जाता कामा नयेत. शिशाचा डबा वेगळा असतो.