‘बाटलीचे पैसे पाण्यात’ या तक्रारीला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टार वाचला. ‘आधी ७५० रुपयांची कार्बन क्लीनरची बाटली टाकीत ओतली, फरक शून्य. मग ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) साफ करायचे ४,५०० घेतले. हे पहिल्यांदाच का नाही केलं? या बाटल्या म्हणजे निव्वळ फसवणूक,’ असं तुम्ही लिहिलंय.

बाटली न विचारता टाकली, ही चूक आमची. त्या दिवशी मी गॅरेजवर नव्हतो, पण पाटी माझ्या नावाची आहे. बिल घेऊन या, ७५० परत देतो.

शेवटचं वाक्य मात्र पटत नाही. बाटलीतलं औषध इंधनाच्या वाटेनेच जातं. तुमच्या गाडीत डिझेल टाकीतून फिल्टर, पंप, इंजेक्टर असं करत थेट सिलिंडरमध्ये पडतं. ईजीआर व्हॉल्व्ह या वाटेवर नाहीच. इंजिनातून बाहेर पडलेला थोडा धूर तो पुन्हा हवेच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, सोडतो. धुरातली काजळी आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) येणारी ऑइलची वाफ एकत्र झाली की तिथे डांबरासारखा थर बसतो. डिझेलचा थेंबही तिथे पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? तुमचा व्हॉल्व्ह अर्धा उघडा राहून अडकला होता. म्हणून पिकअप गेलेला आणि कात्रजच्या चढाला काळा धूर. आधी बिघाड दाखवणारा स्कॅनर लावला असता तर बाटलीला हातच लागला नसता. तो लावला नाही, ही आमची दुसरी चूक.

एमपीएफआय, म्हणजे सिलिंडरच्या बाहेर पेट्रोल फवारणाऱ्या, पेट्रोल गाडीत गोष्ट वेगळी. तिथे इंजेक्टर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरच पेट्रोल फवारतो, त्यामुळे पॉलिइथरअमाइनवालं (हे कार्बन सोडवणारं रसायन) चांगलं क्लीनर इंजेक्टर आणि व्हॉल्व्ह दोन्ही धुतं, तेही सावकाश. इंजिन झटके खात असेल (मिसिंग) आणि ते स्पार्क प्लग किंवा कॉइलमुळे असेल तर मात्र दहा बाटल्या ओता, काही होणार नाही. थेट इंजेक्शनच्या टर्बो पेट्रोलमध्ये व्हॉल्व्हला पेट्रोल लागतच नाही. तिथला कार्बन अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून काढतात. (ते मशीन आमच्याकडे नाही, कोणी विचारलं तर दुसरीकडे पाठवतो.)

‘पुन्हा कार्बन होणार नाही याची गॅरंटी द्या,’ असंही तुम्ही म्हणालात. ती नाही देता येणार. तुम्हीच सांगितलंत, गाडी रोज घर ते शाळा चार किलोमीटर आणि परत. एवढ्यात डिझेल इंजिन नीट तापतसुद्धा नाही. आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास सलग चालवा, थर सावकाश धरेल. पण धरेल.

यापुढे स्कॅन रिपोर्ट दाखवून गाडीवाल्याचा होकार घेतल्याशिवाय बाटलीचं सील तोडायचं नाही, असं फोरमनला बजावलंय. साफ करण्याआधीचे व्हॉल्व्हचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. पैसे घ्यायला याल तेव्हा दाखवतो. सोमवारी सुट्टी असते, तेवढा दिवस सोडून या.