लेचरस म्हणजे चावट नाही हो

इंग्लिश शब्द शिकवणारी एक पोस्ट सध्या सगळीकडे फिरतेय. त्यात म्हणे लेचरस हा शब्द लीच म्हणजे जळूवरून आला, अर्थ चावट, रोमँटिक, लस्टफुलच्या जागी कुठेही चालतो आणि कायद्यातही हाच शब्द आहे. मी क्लासमध्ये इंग्लिश शिकवते, परवा आठवीतल्या एका मुलीने निबंधात मामाला लेचरस लिहिलं, का तर तो सगळ्यांना चिडवतो आणि हसवतो, म्हणून हे लिहायला बसले.

जळूचा काहीएक संबंध नाही. लीच मूळचा जुन्या इंग्लिशमधला, लेचरस आला फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये आजही लेशे म्हणजे चाटणं, त्यावरून आधी जिभेचे चोचले पुरवणारा आणि मग शरीरसुखाला चटावलेला असा अर्थ होत गेला. इंग्लिशमधला लिक त्याच कुळातला, आणि आपला संस्कृत लिह् धातू, ज्याच्यावरून अवलेह म्हणजे चाटून घ्यायचं औषध हा शब्द झाला, तोही त्यांचा लांबचा भाऊबंद. आपण मराठीत लाळ गाळतो म्हणतो ना, चित्र जवळपास तेच.

आता चावट, हे मला जास्त खुपतं. चावट आजी नातवाला म्हणते, बायको नवऱ्याला लाडाने म्हणते. लेचरस प्रेमाने कोणी कोणाला म्हणत नाही, तो सरळ आरोप आहे. बसमध्ये बाईच्या अंगावरून नजर फिरवत बसणारा, नको असताना जवळ सरकणारा, त्याच्यासाठी हा शब्द, बहुतेक वेळा पुरुषालाच आणि त्यातही वयस्क पुरुषाला लावतात. मराठीत लंपट म्हणा, नाहीतर वखवखलेला. एखादी मुलगी बॉसला लेचरस म्हणत असेल आणि आपण ते चावट असं ऐकलं तर तिची अख्खी तक्रारच आपण पुसून टाकली ना!

लस्टफुलचं म्हणाल तर ती वासना दोघांना हवीशी असू शकते, नवराबायकोतही असते. लेचरसमध्ये समोरच्याला किळस येते, फरक तिथे आहे.

कायद्याचं पण चूक. आयटी अ‍ॅक्ट २००० च्या कलम ६७ मध्ये लॅसिव्हियस म्हणजे कामुक हा शब्द आहे, तो लॅटिनमधला वेगळाच शब्द, आणि तिथे तो माणसाला नाही तर अश्लील मजकुराला लावलाय.

चावटसाठी नॉटी आहे, मिस्चिव्हस आहे. त्या मुलीला अर्थ सांगितल्यावर ती एकदम गप्प झाली, मग खोडून मिस्चिव्हस लिहिलं आणि म्हणाली, मॅडम, मामाला सांगू नका हं.