कल्हईशिवायचे पितळ आणि आपली आंबट आमटी

पितळेच्या पातेल्यांची आणि तांब्याच्या बाटल्यांची सध्या जी लाट आली आहे, तिला माझा सरसकट विरोध नाही. माझी तक्रार एवढीच आहे की भांडी परत आली, पण ती वापरण्याचे नियम मागेच राहिले. ऑनलाइन जाहिरातींत आतून-बाहेरून सारखेच पिवळेधमक पातेले दाखवतात, त्यात टोमॅटोचे सार रटरटत असते आणि खाली परंपरेचा हवाला दिलेला असतो. ज्या परंपरेचा हा हवाला आहे, तिच्यातल्या कोणत्याही गृहिणीने ते पातेले चुलीवर चढवण्याआधी आत डोकावून कल्हई, म्हणजे कथलाचा (टिनचा) पातळ थर, कुठे आहे, असे विचारले असते.

आपला रोजचा स्वयंपाक बराचसा आंबटाचा आहे. कोकणात आमसूल आणि आगळ, घाटावर चिंच, मराठवाड्यात व विदर्भात अंबाडीची भाजी, आणि ताकाची कढी तर सगळीकडेच. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि आंबट पदार्थ त्यात राहिला की हे धातू त्यात उतरू लागतात. ताक कळकते, त्याला हिरवट झाक येते, तोंडात तुरट चव रेंगाळते. तांब्याचे प्रमाण जास्त झाले तर मळमळ, पोटात मुरडा आणि उलट्या होतात. म्हणूनच लोणचे चिनी मातीच्या बरणीत राहत असे, माशांचे तिखले मातीच्या मडक्यात शिजत असे आणि पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचा थर असल्याशिवाय ते चुलीवर जात नसे. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही आंबट पदार्थ ॲल्युमिनियम, लोखंड किंवा कल्हई नसलेले पितळ व तांबे यांत साठवू नयेत, असे सांगितले आहे. त्यामुळे आपल्याकडे ज्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात, तीही यातून सुटत नाहीत.

कल्हई म्हणजे नेमके काय, हे नव्या खरेदीदारांपैकी अनेकांनी पाहिलेलेच नसते. कल्हईवाला भाता चालवून निखारे फुलवतो, घासून स्वच्छ केलेले भांडे त्यावर तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो, त्याबरोबर पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा मळ सुटतो. मग कथलाची कांडी तापलेल्या पृष्ठभागावर टेकवताच ती वितळते आणि तो ती कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवून सगळीकडे सारखी पसरवतो. काही क्षणांत पिवळे भांडे आतून चांदीच्या रंगाचे होते. हा थर कायमचा नसतो. डाव आणि उलथने जिथे जास्त घासतात, तिथे, म्हणजे बहुतेक वेळा तळाशी, तो आधी झिजतो आणि खालचा पिवळा रंग डोकावू लागतो. तो दिसला की भांडे पुन्हा कल्हईला द्यायचे. तारेच्या काथ्याने घासले तर ही वेळ लवकर येते.

कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे भांडे मोठ्या आचेवर रिकामे ठेवू नये आणि त्यात तेल धुरावेपर्यंत तापवू नये. फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून आमटीवर ओतण्याची पद्धत अशा भांड्यांना किती सोयीची होती, हे यावरून लक्षात येईल.

‘आमच्या आधीच्या पिढ्या यातच जेवल्या, त्यांना काय झाले?’ असा प्रश्न हमखास येतो. त्या पिढ्या कल्हई लावून जेवल्या, हे एक उत्तर झाले. दुसरे असे की जुन्या काळी सगळेच निर्धोक होते, असेही समजू नये. कथलात स्वस्त शिसे मिसळण्याची लबाडी आजची नाही, आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. डोळ्यांनी ही भेसळ ओळखणे सामान्य माणसाला जमण्यासारखे नाही, म्हणून खात्रीचा कारागीर नसेल तर मी पितळ खरेदी करण्याचाच सल्ला देत नाही.

माझ्या घरात आमटी, सार, कढी आणि सोलकढी स्टीलच्या भांड्यात होते. कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात भात किंवा पुरणाची डाळ शिजते, आणि शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढली जाते. बिडाच्या तव्यावर घावन सुरेख सुटते, तिथे मला नॉनस्टिकची गरज कधी भासली नाही. तांब्याच्या बाटलीत साधे पाणी जरूर प्यावे, पण लिंबूपाणी, सरबत किंवा ताक त्यात भरून मुलांच्या दप्तरात देऊ नये. ही चूक मी सुशिक्षित घरांतही सर्रास पाहते.

पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्या-पितळेचे कारागीर अजून आहेत. इतर शहरांत मात्र कल्हईवाला शोधावा लागतो. आपल्या भागात शुद्ध कथील वापरणारा कारागीर बसत असेल, तर कोणत्या गावात, कोणत्या बाजारात आणि आठवड्याच्या कोणत्या वारी, एवढे कृपया इथे लिहावे.