केसानं गळा कापला तो असा

एका सकाळी पावणेआठला समोरच्या माडीवरून हाक आली, "वैनी, नवा माग घातलासा काय?"

बेळगावच्या वडगावात हा प्रश्न चेष्टेचा नाही. पूर्वीइतके नसले तरी आमच्या गल्ल्यांत अजून यंत्रमाग खडखडतात. त्या खडखडाटात उभा जन्म काढलेल्या माणसाला माझ्या व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज मागाचा वाटला. माग निदान संध्याकाळपर्यंत एखादं लुगडं तरी देतो. हे मेलं तीन महिने नुसतं बोंबलत होतं.

आधी सांगते, हौस म्हणून घेतलेलं नाही. घरी ब्लाउज, फॉल, पिको करते. दिवसभर मशीनवर वाकलेली कंबर संध्याकाळी केर काढायला परत वाकत नाही. दोन मुलींचे केस कमरेपर्यंत, माझे पंचेचाळिशीनंतर गळायलाच लागलेत, आणि शिलाईच्या खोलीत धाग्यांचा सडा. म्हणून दिवाळीत हप्त्यावर घेतलं. खोक्यावर चित्र होतं, लांब केसांची बाई हसत हसत यंत्र फिरवतेय. केस, धागे, धूळ, सगळं ओढून घेतं म्हणे. ओढून घेतं हे खरंच आहे. घेतं आणि स्वतःच्याच गळ्याला गुंडाळून बसतं.

पहिले दोन महिने बरे गेले. मग घरघर. मग घरघरीत मध्येच कर्रर्र. मग टाइल्सच्या सांध्यावरून जाताना टकटक. शेवटी अशी किंचाळी की शेजारचं मांजर आमच्या परड्यात यायचं बंद झालं. (हा एक फायदा.)

पुस्तिका काढली. अंघोळीच्या टबात यंत्र बुडवू नका, असं चित्रासकट छापलंय. आमच्याकडं तांब्याचा बंब आहे, टब कुठला आणू बुडवायला? आणि आवाजाबद्दल काय, तर एक ओळ: असामान्य आवाज आल्यास अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा. असामान्य म्हणजे कसला? शिट्टीचा की घासल्याचा की आपटल्याचा? तिन्हीची कारणं वेगळी असतात, हे मला आता कळलंय. ते छापायला ह्यांची शाई संपली होती.

बरं, संपर्क. ॲपमध्ये गाव निवडायचं तर यादीत दोन गावं, बेळगाव आणि बेळगावी. सरकारनं नाव बदलून १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावी केलं. इतकी वर्षं झाली तरी ह्यांच्या यादीत दोन्ही नांदतायत. बेळगाव निवडलं की माझा पिनकोड चालत नाही, बेळगावी निवडलं की 'तुमच्या भागात सेवा लवकरच'. मग फोन. कन्नडसाठी एक, हिंदीसाठी दोन, इंग्रजीसाठी तीन. माझं कन्नड बाजारापुरतं. भाजीचा भाव करते, पदर-काठ समजावते, गिऱ्हाइकाशी भांडतेसुद्धा. पण ब्रशातलं काय घासतंय हे कन्नडमध्ये कसं सांगायचं? "भाळ सप्पळ बर्तद री," एवढंच सांगितलं, म्हणजे लई आवाज येतोय हो. पोरगा हसला. वाईट हसला नाही, गोड होता बिचारा. म्हणाला, "नाळे बर्तीवि री." उद्या येतो.

नव्वदच्या दशकात कर्नाटकात गावोगावी लोक दारावर 'नाळे बा' लिहून ठेवायचे. रात्री भूत हाक मारतं, ते दारावरचं 'उद्या ये' वाचून परत जातं, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच वाचतं. माझा जन्म गेला ह्या भागात, पण त्या गोष्टीतलं भूत आपण आहोत हे मला ह्या फोननंतर समजलं. दहा दिवस. दहा वेळा नाळे.

मधल्या काळात म्हटलं, कोल्हापूर जवळ पडतं का बघू. ११० किलोमीटर, पण मराठीत बोलता तरी येईल. तिकडची बाई फार सौजन्यानं बोलली, सगळं ऐकून घेतलं, 'हो ताई, समजलं ताई' केलं, आणि पिनकोड सांगितल्याबरोबर, "ताई, तुम्ही कर्नाटकात येता, तुम्हाला हुबळी." हुबळीला लावला तर, बेळगावसाठी आमचा माणूस आठवड्यातून एकदा येतो. म्हणजे कोगनोळी नाक्याच्या, राज्याच्या हद्दीच्या, पलीकडं आम्ही परके, आणि अलीकडं आठवड्यातून एकदाचे. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्याला वकील तरी आहेत, माझ्या ब्रशाला कोण आहे?

अकराव्या दिवशी माणूस आला. बूट काढले, पाणी प्यायला, यंत्र सुरू करायला सांगितलं, उभ्या उभ्या ऐकलं. अर्धा मिनिट. वाकला नाही, उघडलं नाही, हात लावला नाही. "हेड असेंब्ली बदलावी लागेल मॅडम. ३,४०० रुपये." म्हणजे ब्रशाचं अख्खं डोकं, आतल्या फिरत्या रोलरसकट. वॉरंटी आहे की, म्हटलं. "हा झिजणारा भाग आहे मॅडम, वॉरंटीत येत नाही." मग नुसतं जे बिघडलंय तेवढंच द्या. "सुटं येत नाही." रोलर? सुटा येत नाही. बेअरिंग? सुटं येत नाही. पट्टा? "येतो, पण ह्या भागात येत नाही."

ह्या भागात येत नाही! अरे बाबा, ह्या भागात उद्यमबाग आहे. ओतकामाच्या भट्ट्या आहेत, लेथ आहेत, हायड्रॉलिकचं सामान इथून जगभर जातं. तिकडं हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात. विमानाचे! आणि माझ्या केरसुणीचा रबरी पट्टा ह्या भागात येत नाही.

आता माझी चूक कबूल करते. रागात माणूस व्हिडिओ बघतं. एका शहाण्यानं सांगितलं, आवाज येतोय ना, तेल सोडा. घरात शिलाई मशीनचं तेल कायमच. सोडलं चांगलं चार ठिकाणी. दोन दिवस आवाज कमी, मी खूश. तिसऱ्या दिवशी तेलात धूळ बसून काळा लगदा झाला, तेल ओघळून पट्ट्यावर गेलं, पट्टा घसरायला लागला. त्यातच यंत्रानं सतरंजीची दशी गिळली. रोलर जागच्या जागी अडकला, मोटर फिरतेच आहे, पट्टा घासतोय, आणि रबर जळल्याचा वास अख्ख्या घरात. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "काय जाळूलास गं?" मग बाहेर येऊन बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "साळुत्याला कधी तेल लागलं नाही बाई." साळुता म्हणजे केरसुणी. ह्यावर बोलणार काय?

शेवटी ज्यांनी हाक मारली होती तेच समोरचे मामा खाली उतरले. तीस वर्षं मागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. आता कान जरा मंद झालेत, तरी त्यांनी त्या पोरापेक्षा जास्त ऐकलं. पहिलं वाक्य, "वायर काढलीस काय? काढ आदी, मग हात घाल." मग ब्रशाचं डोकं दांड्यापासून वेगळं केलं, वायर लावून नुसतं यंत्र चालवलं. आवाज गेला. "म्हंजे मोटर बरी हाय. रोग डोक्यात हाय." एवढी साधी परीक्षा! ती फोनवर कोणत्याही भाषेत सांगता आली असती. डोकं काढल्यावरही आवाज राहिला असता तर नळीत अडकलेलं काही, गच्च भरलेला फिल्टर किंवा मोटर. गेला, म्हणजे ब्रश.

परत वायर काढली आणि मामांनी रोलर बोटानं फिरवला. ढकलल्यावर मोकळा दोन-तीन वेढे फिरायला पाहिजे. हा अर्ध्यावर अडला, आणि बोटाला खरखर लागली. "धोट्याचा आवाज बदलला की आमी माग बंद करून बघत होतो. तू तीन महिने चालवूलास." बोलणी खाल्ली मुकाट्यानं.

उघडणं हा आणखी एक संताप. चार स्क्रू दिसतात, चारही चांदणीच्या तोंडाचे, घरातला एक पेचकस बसत नाही. पाचवा स्क्रू चाकाखाली लपवलेला. माणसानं उघडू नये म्हणूनच असं करतात. स्वतःचा माणूस पाठवत नाहीत, आणि आम्ही उघडू नये म्हणून स्क्रू लपवतात.

आणि आत काय निघालं? ब्लाउजची तीन हुकं, एक टिकली, तुळशीच्या मंजिऱ्या, अंगणातल्या तांबड्या मातीचे खडे (टकटक ती ह्यांची), आणि केस. केस म्हणजे किती, तर एक गंगावन झालं असतं. मधले केस दिसतात तरी. खरे वैरी दोन्ही टोकांचे. रोलर फिरतो तसे केस सरकत सरकत टोकाला जातात, टोपणाखाली शिरतात, तिथून बेअरिंगमध्ये. तिथं घट्ट पीळ बसतो, घासून तापतो. माझ्या ब्रशाचं एका बाजूचं प्लास्टिकचं टोपण चक्क वितळून कडेला आलं होतं. आतलं वंगण केसांनी आणि धुळीनं पिऊन टाकलं, गोळ्या कोरड्या पडल्या, म्हणून कर्रर्र. तीन महिन्यांचं गूढ ते हे. केसानं गळा कापणे म्हणतात ते मी आजवर माणसांबद्दलच ऐकलं होतं.

ते काढायला काय लागलं? टाके उसवायचं ते दोन दातांचं हत्यार, प्रत्येक शिंपिणीच्या डब्यात असतं. रोलरला लांबीभर एक खाच असते, तिच्यातून सर्रकन ओढलं की सगळे वेढे तुटून पडतात. कात्रीनं करू नका, ब्रशाचे दाते कापले जातात. दहा मिनिटांचं काम. महिन्यातून एकदा केलं असतं तर बेअरिंगपर्यंत गेलंच नसतं. पुस्तिकेत टबाऐवजी हे छापलं असतं तर?

एका बाजूचं बेअरिंग मात्र मेलं होतं. ही बंद बेअरिंगं असतात, वरून तेल सोडून जिवंत होत नाहीत, बदलायचीच. मामांनी ते बाहेर काढून, रॉकेलच्या फडक्यानं पुसून, चष्मा कपाळावर चढवून नंबर वाचला: ६०८. आठ मिलिमीटरचं भोक, बाहेरून बावीस, जाडी सात. मी वहीत लिहून घेतलं, दुकानात जायला निघाले, तेवढ्यात धाकटी म्हणाली, "आई, हे माझ्या स्केट्सच्या चाकात असतं."

आमच्या बेळगावात पोरं रोलर स्केटिंगचं वेड घेतल्यासारखी करतात, रेकॉर्डं करतात. धाकटीही तीन वर्षं जात होती. पाय वाढले, स्केट्स माळ्यावर गेल्या. काढल्या. प्रत्येक बुटाला चार चाकं, प्रत्येक चाकात दोन बेअरिंगं. सोळा! तेच ६०८. जे सुटं येत नाही, ज्याच्यापायी ३,४०० मागितले, ते माझ्या माळ्यावर डझनापेक्षा जास्त पडलं होतं. मी माळ्याच्या शिडीवरच बसले आणि हसावं की रडावं कळेना. (तुमच्या ब्रशात हेच असेल असं नाही हां. काढून नंबर वाचा, मग आणा.)

पट्टा तेवढा पुण्याहून भाच्यानं कुरिअर केला. तिथं सहज मिळाला, १८० रुपये. नवा बसवायच्या आधी तेलाचा लगदा साबणाच्या पाण्यानं पुसला, रोलर दिवसभर वाळवला, कारण ओलं बसवलं तर नवं बेअरिंगही गंजणार, आणि वळवाच्या पावसात काय वाळतंय म्हणा. चुलीजवळ ठेवला तेव्हा कुठं कोरडा झाला.

आता यंत्र नीट चालतं. थोडी घूं येते, ती मोटरची, ती चालते. टाइल्सवर फिरताना रोलरचं बटण बंद ठेवायचं असतं, तो गालिच्यासाठी असतो, हेही मामांनीच शोधलं. गालिचा वडगावात कुणाच्या घरी आहे देवाला माहीत. मामांना कुंदा दिला पावशेर. त्यांना साखरेचा आजार आहे, तरी खाल्ला.

आणि आता फोन सुरू झालेत. कंपनीचे. तक्रार 'निवारण झाली' म्हणून बंद करायचीय, त्यासाठी माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी पाहिजे. परवा आला, काल आला, आज सकाळी तर शिलाईच्या ऐन घाईत दोनदा आला. कुणी निवारण केलं? तुमच्या माणसानं अर्धा मिनिट उभं राहून? तो गोड पोरगाच होता फोनवर. "मॅडम, ओटीपी हेळ्री." ओटीपी सांगा.

म्हटलं, "नाळे हेळ्तीनि री."