घोट्यावरचं रसायनशास्त्र

टेक्सासात अंगण आपल्या नावावर असतं एवढंच. नांदतात तिथं लाल आगमुंग्या. १९३० च्या दशकात या बाया दक्षिण अमेरिकेतून जहाजानं अलाबामातल्या मोबाइल बंदरात उतरल्या आणि दक्षिणभर पसरल्या. व्हिसा नाही, मुलाखत नाही. मी अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे.

त्यांच्या वारुळाला वरून दार नसतं. मेथीच्या वाफ्याशेजारी भुसभुशीत मातीचा ढीग दिसतो, तुम्ही त्यावर बिनदिक्कत चप्पल ठेवता आणि संपलं! मुंगी आधी जबड्यानं कातडी धरते, मग बूड वाकवून नांगी खुपसते. तोंड जागेवर ठेवून गोल फिरते आणि पुन्हा खुपसते. कंपासपेटीतलं कर्कटकसुद्धा इतकं नेटकं वर्तुळ काढत नाही.

व्हिडिओ कॉलवर आईनं घोटा पाहिला. ती निवृत्त विज्ञान शिक्षिका. "फॉर्मिक आम्ल असतं रे त्यात! खायचा सोडा लाव."

शाळेत आम्हीही हेच घोकलं होतं. पण फॉर्मिक आम्लवाल्या मुंग्या वेगळ्या. त्यांना नांगीच नसते, त्या आम्ल फवारतात. या आगमुंगीच्या विषात साधारण ९५ टक्के अल्कलॉइड असतात. अल्कलॉइड म्हणजे आम्लाच्या उलट गोत्राचे. वर तेलकट, त्यामुळे पाण्याला दाद देत नाहीत. अल्कलीवर सोडा म्हणजे चोराच्या मदतीला चोराचाच भाऊ.

या अल्कलॉइडांचं नाव सोलेनॉप्सिन. पाच कार्बन आणि एक नायट्रोजन यांचं पायपेरिडीन नावाचं कडं आणि त्याला कार्बनचं शेपूट. मिऱ्याच्या तिखटपणामागच्या पिपरिनमध्येही हेच कडं असतं, आणि सॉक्रेटिसाच्या प्याल्यातल्या हेमलॉकच्या विषातही. सॉक्रेटिसाच्या रेणूला तीन कार्बनचं शेपूट. माझ्या घोट्यातल्यांना अकरा, तेरा, पंधरा! तरी इतिहासात नाव त्याचं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक टोचणीवर पांढरा फोड आला. दिसतो पुवाचा, पण आत जंतू नसतात. अल्कलॉइडांनी मारलेल्या पेशींचा तो गाळ. फोडायचा नाही, फोडला की जंतूंना दार उघडं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली एका पायानं दुसरा पाय खाजवत मी तिमाहीचे आकडे सांगितले. विषात किंचित प्रथिनंही असतात, आणि ॲलर्जीनं जिवावर बेततं ते त्यांच्यामुळे. श्वास लागला, तोंड सुजलं, तर घरगुती उपाय सोडून थेट इमर्जन्सी गाठायची. मला फक्त खाज होती. कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांनी डंखांच्या वेदनेची चार पायऱ्यांची पट्टी केली होती. त्यात आगमुंगीला एक. हे बायकोला कळलं आणि माझा चहा जागेवर येणं बंद झालं.

खरा घोळ पुढेच. टेक्सासात आता दुसऱ्या परदेशी मुंग्या आल्यात, 'क्रेझी' मुंग्या. आगमुंगीचं विष अंगावर पडलं की त्या स्वतःचंच फॉर्मिक आम्ल अंगभर माखतात आणि बहुतेक वाचतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांची आम्लाची ग्रंथी बंद केली, तर निम्म्याहून जास्त मेल्या. मी हे मोठ्या उत्साहानं आईला सांगितलं.

"म्हणजे शेवटी फॉर्मिक आम्लच ना?" आई म्हणाली. "मग मी काय सांगत होते?"