पापणीचं औषध, टकलाची आशा

कपाळ मागे सरकायला लागलं की इंदूरचा मराठी माणूस आधी जास्वंदीचं तेल चोपडतो, मग कांद्याचा रस, आणि मग घरचे दुसऱ्या खोलीत झोपायला लागतात. तुम्ही हा वेळ वाचवा. थेट दवा बाजार गाठा आणि डोळ्यांचे थेंब मागा. काउंटरवरचा विचारेल, "क्या हुआ भिया, आँख में?" त्याला टोपी काढून दाखवा.

हसू नका, यामागे शास्त्र आहे. बायमॅटोप्रॉस्ट हे मुळात काचबिंदूचं औषध, अमेरिकेत 2001 मध्ये मंजूर झालेलं. डोळ्यातला दाब उतरलाच, वर पापण्या लांब आणि दाट झाल्या. मग 2008 च्या डिसेंबरात तेच 0.03 टक्क्यांचं औषध खास पापण्यांसाठी मंजूर झालं. आता पापणीवर उगवतं ते टाळूवर का उगवू नये? हे कंपनीलाही सुचलं, तिने चाचण्याही केल्या. टकलासाठी मंजुरी अजून नाही, पण तुम्ही कशाला थांबताय? मिनॉक्सिडिल तरी कुठे केसांसाठी जन्मलं? ती रक्तदाबाची गोळी. फिनास्टराइड प्रोस्टेटचं. एकूण काय, केसांच्या मागे लागून केस येत नाहीत, दुसऱ्याच दुखण्याच्या मागे लागावं लागतं!

पापणीचा केस काही आठवडे वाढून थांबतो आणि डोक्यावरचा काही वर्षं वाढत राहतो, असल्या तपशिलात शिरू नका. हिशेबातही नको. बाटली 3 मिलीची. मिनॉक्सिडिलच्या मापाने, म्हणजे दिवसाला 2 मिली लावलंत, तर दीड दिवसाच्या गणपतीसारखी तिची बोळवण होईल. दर वेळी नवी आणा, थाटात.

लेबलवर लिहिलंय की औषध त्वचेवर वारंवार सांडलं तर तिथेही केस येऊ शकतात. म्हणजे ओघळ कानाकडे गेला तरी वाया जाणार नाही. बुबुळाचा रंग कायमचा तपकिरी होऊ शकतो, असंही लिहिलंय. पण ते डोळ्यात गेलं तर. तुम्ही उताणे झोपूच नका. पालथेही नको, उशीला केस येतील.

त्वचारोगतज्ज्ञाकडे मात्र चुकूनही जाऊ नका. तो थायरॉइड बघतो, रक्तातलं लोह बघतो, वडिलांचं डोकं कसं होतं ते विचारतो आणि वर सांगतो, मिनॉक्सिडिल लावा, निदान चार महिने धीर धरा, सुरुवातीला आणखी गळतील. चार महिने! तोवर वधू-वर मेळावा उरकलेला असतो आणि स्मरणिकेत फोटो जुनाच छापलेला असतो.